माफी कापायची नाही

चाचांविषयी मी आजवर लिहिलं नाही, बोललोही नाही. कोणी विषय काढलाच तर मी पाणी प्यायला उठत असे. निवृत्त होऊन म्हसावदला परत आलो, शेताकडे लक्ष घालू लागलो, तेव्हा वाटलं होतं की खांडबारा मागे पडलं तशी ही गोष्टही मागे पडेल. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. तरी लिहायला बसलो आहे, कारण मला राग आला आहे.

राग येण्याचं कारण असं. खांडबाऱ्याच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मोबाईलवर एक ग्रुप केला आहे आणि जुने सर म्हणून मलाही त्यात घेतलं आहे. परवा त्यांतल्या एकानं बाजारगल्लीचा जुना फोटो टाकला. हा मुलगा आता सुरतेला चांगल्या नोकरीत आहे. फोटोत दुमजली घर, बाजूला खालच्या मजल्यावरचं मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत, आणि धाब्यावर एका बाजूला कललेला अँटेना. खाली त्यानं लिहिलं होतं, "ओळखा पाहू! आपल्या गावचा पहिला केबलचोर." लगेच हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. एकीनं लिहिलं, "आकडा चाचा!" दुसऱ्यानं लिहिलं, "त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं ना, सगळ्यांसमोर?" त्यावर तिसरा म्हणाला, "हो. सर तिथेच होते. सरांना विचारा."

सरांना विचारा! मग आता ऐकाच.

चाचांनी आयुष्यात कधी केबल चोरली नाही. चोरायची तर राहू द्या, दुसऱ्याच्या घरी बसून बघितलीही नाही. आणि त्यांनी जे "कबूल" केलं असं तुम्ही म्हणता, ते काय होतं ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होतो.

चाचा पिंजारी. गाद्या आणि रजया भरण्याचा त्यांचा पिढीजात धंदा. खांडबाऱ्यात मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खाली दुकान, दुकानापुढे लांबरुंद ओटा. दिवसभर पिंजणाचा आवाज आणि कापसाची धूळ. चाचांच्या भुवयांवर कायम कापूस असायचा, त्यामुळे ते तरुणपणापासून म्हातारे दिसत असणार. घरात चाचीशी हिंदी बोलत, ओट्यावर सगळ्यांशी अहिराणी. माझ्याशीही अहिराणीच. मी मात्र त्यांना शाळेतल्या मराठीत उत्तर देई. आमच्या घरीही अहिराणीच होती, पण मी शिक्षक झालो होतो ना!

खोली दाखवताना त्यांनी एकच अट घातली होती. "गुरुजी, मटन शिजवा, भजन करा, माले काय नही. पन मन्हा घरवरथीन केबलनी तार जावाले नको."

"का हो?"

"जे हवामां येस ते सगळासनं शे. ते सोडीसन तारमांधलं इकत कसाले लेवानं?"

त्यांचं म्हणणं असं की सरकारी वाहिनीचे कार्यक्रम वरून ऊन पडावं तसे पडतात. ज्याला पाहिजे त्यानं भांडं लावावं, म्हणजे अँटेना लावावा. याला कोणी "फुकट" म्हटलं की ते भडकत. पूर्वी रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन काढावं लागे, ते त्यांनी दरसाल नेमानं काढलं होतं. "फुकट कसाना? मी लायसन भरेल शे!" ते लायसन बंद होऊन किती वर्षं लोटली याचा त्यांच्यावर काही परिणाम नव्हता. रेडिओसाठी भरलेल्या पैशांत टीव्हीही येतो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

आणि त्यांना नाद होता रेकॉर्डिंगचा. नवापूरहून कोणाचा तरी जुना व्हीसीआर त्यांनी घेतला होता. त्याच्या जोडीला ट्रकची एक बॅटरी, इन्व्हर्टरचा एक खोका आणि मूठभर काचेचा काळा-पांढरा टीव्ही. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं की तेव्हा भारनियमन म्हणजे काय होतं. संध्याकाळी नेमकी बातम्यांच्या, मालिकांच्या, मॅचच्या वेळी लाईट जायची. लाईट गेली की केबलही गेली, कारण केबलवाल्याच्या खोलीतली यंत्रंही त्याच लाईटवर. महिन्याचे पैसे भरलेली माणसं अंधारात बसून त्याला शिव्या घालत.

पण सरकारी केंद्राचा मनोरा दूर शहरात. त्याला स्वतःचा जनरेटर. "गावमां लाईट नही, पन हवामां ते कार्यक्रम शे ना!" असं म्हणत चाचा बॅटरी जोडत आणि अख्ख्या अंधाऱ्या गावात एकटे कार्यक्रम उतरवून घेत. लाईट आली की ओट्यावर मोठा टीव्ही लागे. ज्याचं जे राहिलं असेल ते त्यानं येऊन बघावं. पैसे नाहीत, चहा मात्र चाचीच्या हातचा.

कॅसेटवर ते कार्यक्रमाचं नाव लिहीत नसत. माणसाचं लिहीत. "सुतार", "स्टेशन मास्तर", "भाजीवाली आजी". ज्यानं सांगून ठेवलं त्याचं नाव. आजीला शेतीचा कार्यक्रम लागे, कारण तिच्या मते त्यात एकदा तिची म्हैस दिसली होती. स्टेशन मास्तरांना बातम्या लागत, त्याही दुसऱ्या दिवशी शिळ्या झालेल्या. पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरू नये म्हणून चाचांनी एका गादीच्या खोळीत कापसाच्या थरांत त्या मांडून ठेवल्या होत्या. कोणी आपली कॅसेट मागितली की ते गादीत कोपरापर्यंत हात घालत आणि न बघता बरोबर ती काढत. एकदा स्टेशन मास्तरांनी विचारलं, "चाचा, या गादीवर झोपलं तर स्वप्नं कोणती पडतील हो?" चाचा म्हणाले, "तुमले ते बातम्याच पडतीन."

जाहिराती ते ठेवत नसत. बटणावर अंगठा तयार. जाहिरात आली की थांबवायचं, संपली की पुन्हा सुरू. "भांडासवाला दारवर वरडना म्हनीसन त्याले घरमां कोन बोलावस?" पण एक गोष्ट ते कधीही कापत नसत. कार्यक्रम मधेच तुटायचा आणि पडद्यावर ती पाटी यायची, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व". कधी क्षणभर, कधी बराच वेळ. ती पाटी चाचा पुरीच्या पुरी उतरवून घेत आणि ओट्यावर पुरीच्या पुरी दाखवत.

लोक वैतागत. "ओ चाचा, पुढे पळवा ना ते!"

"बस रे भो. त्यो माफी मांगी ऱ्हायना."

"अहो, कोण मागतंय? नुसती पाटी आहे ती!"

"पाटी का व्हयेना. माफी कापानी नही."

मग सगळा ओटा त्या पाटीकडे बघत मुकाट्यानं बसे. हसू दाबत, पण बसे. मी वरच्या खिडकीतून बघत असे आणि मला तो वेडेपणा वाटे. मी खाली ओट्यावर जाऊन बसत नसे. हे सांगताना आज लाज वाटते, पण तेव्हा तसंच होतं. ओट्यावर हमाल, रिक्षावाले, माझ्याच विद्यार्थ्यांचे बाप. त्यांच्या मांडीला मांडी लावून गुरुजींनी बसायचं? माझी बायको सरळ खाली जाऊन चाचीशेजारी बसे. मी मात्र वर पेपर तपासत असल्यासारखा बसे.

केबलवाल्यानं हे बरोबर हेरलं. केबलवाला म्हणजे गावातल्या पुढाऱ्याचा पुतण्या, दाढी कोरलेला, मोटारसायकल गल्लीत उगाच गुरगुरवणारा. एक दिवस शाळेच्या फाटकापाशी गाठून म्हणाला, "सर, तुमच्यासारख्या माणसानं ओट्यावर टीव्ही बघायचा? बरं दिसतं का? मी मागच्या बाजूनं तार आणून देतो. धाब्यावरून थेट तुमच्या खिडकीत. म्हाताऱ्याला पत्ता लागणार नाही. तुमच्याकडून पैसे घेणार नाही, तुम्ही गुरुजी."

मी नाही म्हणालो नाही. एवढंच केलं मी, आणि एवढं पुरलं.

चाचा शुक्रवारी नमाजला गेले असताना तार आली. मागच्या बाजूनं, धाब्यावरून, अँटेनाच्या खांबाजवळून, माझ्या खिडकीत. बायको म्हणाली, "त्यांनी एकच अट घातली होती." मी म्हणालो, "तुला कळत नाही." त्या टीव्हीपुढे ती एकदाही बसली नाही. आवाज अगदी बारीक ठेवून, दार लावून, मी एकटाच बघत असे. मालिका बघायचो मी! लपून! सासवा-सुनांच्या! हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता सगळंच सांगतो आहे तर हेही असू द्या.

आता त्या संध्याकाळकडे येतो.

नंदुरबारला एक सांस्कृतिक कार्यक्रम झाला होता. आमच्या शाळेच्या मुली तिथे ढोलावर नाचल्या होत्या. आसपासच्या पाड्यांवरच्या मुली, कमरेला घुंगरू, डोक्याला मोरपिसं. सरकारी वाहिनीच्या लोकांनी त्याचं चित्रण केलं आणि ते कधी दाखवणार हे शाळेला कळवलं. वेळ नेमकी भारनियमनाची. त्या दिवशी सकाळी मी स्वतः जिना उतरून चाचांकडे गेलो. घरात त्यांच्या अटीविरुद्ध तार असताना गेलो.

"चाचा, आज आमच्या मुलींचा नाच दाखवणार आहेत. तेवढा घेऊन ठेवाल का?"

चाचांनी पिंजण थांबवलं. "गुरुजी, तुमी पहिलांदाव मांगं माले काही," ते म्हणाले. इतके खूश झाले की विचारू नका. कोरी कॅसेट काढली आणि त्यावर माझ्यासमोर लिहिलं, "गुरुजी".

संध्याकाळी ओट्यावर मावणार नाही एवढी गर्दी. मुलींचे आईबाप पाड्यांवरून चालत आले होते. लाईट गेली. चाचांनी बॅटरी जोडली. त्या मूठभर टीव्हीवर मुली नाचू लागल्या आणि पुढच्या चारपाच डोक्यांखेरीज कोणाला काही दिसेना, तरी मागचे ओरडत होते, "दिसनी का रे? मन्ही पोर दिसनी का?" त्या दिवशी मी पहिल्यांदा ओट्यावर होतो. आणि मधेच ती पाटी आली. व्यत्ययाबद्दल क्षमस्व. लोकांनी हायहाय केलं. चाचांनी हात वर केला, "बसा, बसा. माफी मांगी ऱ्हायना त्यो. लाईट उनी का मोठा पडदावर समदं दावस."

त्याच वेळी केबलवाला आला. बरोबर दोघे, हातात टॉर्च.

"देखा रे भो, देखा! आखो गाव पैसा भरस आनि हाऊ म्हातारा आकडा टाकीसन गावले फुकट दावस! धाबावर चढा रे!"

ती दोन पोरं बाहेरून शिडी लावायला गेली. "कंदील आणतो," असं काहीतरी पुटपुटून मी आतल्या जिन्यानं वर धावलो. टीव्हीमागची तार उपटली, खिडकीतून धाब्यावर फेकली आणि खिडकी लावून घेतली. मी घाबरलो होतो एवढं खरं. पण विचार न करता फेकली असं मी म्हणणार नाही. ती कुठे पडेल हे मला दिसत होतं. ती अँटेनाच्या खांबाशी पडली.

खाली आलो तेव्हा ती पोरं तेच टोक हातात घेऊन उभी होती. केबलवाल्यानं टॉर्च माझ्या तोंडावर मारला. त्याला माहीत होतं ती तार कोणाची. त्यानं स्वतः ओढली होती! तरीही त्या माणसानं, गावासमोर, अगदी आदरानं मला विचारलं, "सर, तुम्ही वर राहता. ही तार कोणाची?"

आणि मी शाळेत बोलतो तशा स्वच्छ मराठीत म्हणालो, "मला काही कल्पना नाही."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग तारेकडे बघितलं. मग टॉर्चच्या उजेडात वर, धाब्याच्या बाजूच्या माझ्या खिडकीकडे. दिवसभर उघडी असणारी ती खिडकी तेव्हा बंद होती. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगतो, त्यांना त्या क्षणी कळलं. आणि ते केबलवाल्याला म्हणाले, "मन्हा घरवर शे ना? मंग मन्हीच शे."

हे तुमचं कबूल करणं! स्वतःच्या छपराखाली राहणाऱ्या माणसाचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही त्या पिंजाऱ्याची रीत होती. "माझ्या घरावर आहे म्हणजे माझी" याचा अर्थ "मी चोरली" असा होतो का? पण गावानं तोच घेतला. केबलवाला ओरडला, "ऐकलं ना? त्यानी कबूल करं!" आणि गाव हसलं. गर्दीतून एक शब्द आला. तो तारेविषयी नव्हता, चाचांच्या धर्माविषयी होता. तो मी इथे लिहीत नाही. ज्यानं उच्चारला तो अजून जिवंत आहे आणि त्याला तो आठवत असेल.

आता मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून तुम्हाला एक प्रश्न विचारतो. त्या वेळी लाईट होती का? नव्हती. अख्खं गाव अंधारात होतं. केबलवाल्याच्या खोलीतली यंत्रं बंद होती, त्याच्या तारेत मुंगीएवढंही काही वाहत नव्हतं. मग समोर, त्या मूठभर काचेवर, जे दिसत होतं ते केबलमधून येत होतं का? तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की लाईट गेली की केबल जाते. प्रत्येकानं त्यावरून केबलवाल्याला शिव्या दिल्या होत्या. एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. ज्या ओट्यावर वर्षानुवर्षं चहा प्यायला, त्याच ओट्यावर उभं राहून लोक मजा बघत होते. सुतार होता, स्टेशन मास्तर होते, भाजीवाली आजीसुद्धा होती.

आणि मी होतो. माझ्या तारेचं नाव न काढताही मी एवढं एक वाक्य बोलू शकलो असतो. "अरे, लाईटच नाही, तर चोरी कसली?" सातवीचं पोर हे सांगू शकलं असतं. ज्यानं ते शिकवायचं त्यानंच सांगितलं नाही.

भरपाई म्हणून केबलवाल्यानं व्हीसीआर उचलला. कोण होता तो भरपाई घेणारा? कुठलं कोर्ट? कुठला कायदा? पुढाऱ्याचा पुतण्या, एवढीच त्याची सनद. चाचांनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "थांब रे भो. कॅसेट काढू दे. ती गुरुजीनी शे."

ती कॅसेट त्यांनी छातीशी धरली आणि आत गेले. मुलींच्या आईबापांना काहीच बघायला मिळालं नाही. ते अंधारात चालत परत गेले.

त्या रात्री बायको म्हणाली, "खाली जा आणि सांगून या." मी गेलो नाही. सकाळी चाचांनी मला जिन्यात बघून नेहमीसारखं "कसं काय गुरुजी?" विचारलं. खोली सोडा असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर फार बरं झालं असतं. पुढे वर्षभरातच माझी बदली झाली आणि मी सुटलो, असं मला वाटलं. ओटा मात्र त्या दिवसापासून रिकामा राहिला. आणि गावात "आकडा चाचा" हे नाव रुजलं. तार घेणारा मी राहिलो बाजूला आणि ज्यांच्या घरी खरोखर विजेचे आकडे होते ते लोक ते नाव घेऊन हसू लागले.

आता थोडं आजचं. माझ्या मुलानं घरी महिन्याला पैसे भरायची टीव्हीची छत्री बसवली आहे, रेकॉर्डिंगच्या खोक्यासकट. मोठ्या हौसेनं मला शिकवलं, "बाबा, हे बटण दाबलं की कार्यक्रम साठतो." मी कीर्तनं साठवली, शेतीचे कार्यक्रम साठवले. एकदा रिचार्ज संपला. मी म्हटलं, काही हरकत नाही, साठवलेलं बघू. तर तेही दिसेना! माझ्या घरात, माझ्या खोक्यात, मी साठवलेलं, आणि पैसे भरल्याशिवाय उघडणार नाही. मला चाचांचं एक बोलणं आठवलं. तार घेणाऱ्यांना ते म्हणत, "मी गादी भरीसन दिधी आनि उधारी ऱ्हायनी म्हनीसन तुमले झोपमांथीन उठाडं, ते चालीन का?" तेव्हा लोक हसले होते. आज सगळं गाव झोपेतून उठवून घेत आहे, वर ज्या वाहिन्या कधी लावत नाही त्यांचेही पैसे भरत आहे. आणि चोर कोण? तर चाचा!

निवृत्तीनंतर मी एकदा खांडबाऱ्याला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. चाची गेल्या होत्या. चाचा ओट्यावर बसले होते, आता भुवया खरोखरच पांढऱ्या. वर अँटेनाच्या जागी बिनपैशाच्या सरकारी वाहिन्यांची छोटी छत्री. आत एका खोक्याला पेनड्राइव्ह लावलेला, आणि बाकीचे पेनड्राइव्ह कापसात गुंडाळून डब्यात. प्रत्येकाला नावाची चिकटपट्टी. बघायला कोणी येत नव्हतं. तरी नावं होती. भाजीवाली आजी वारून बरेच दिवस झाले होते. तिचंही होतं.

"या गुरुजी, या! कसं काय?"

मी बसलो. समोरच्या टपरीवरून चहा आला. मी म्हणालो, "चाचा, ती तार..."

"ती तार?" ते हसले. "धाबावर बांधेल शे. कपडा वाळत घालाले लई कामनी. तुटस नही." आणि मी पुढचं वाक्य उच्चारायच्या आत ते उठून आत गेले. त्या जुन्या गादीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी कॅसेट काढली. "तुमनी ठेव ऱ्हायी गयी व्हती," म्हणाले.

कॅसेटवर अजून "गुरुजी" लिहिलेलं होतं. मी ती पिशवीत टाकली. चहा संपवला. मुलाबाळांची चौकशी केली, पाऊसपाण्याचं बोललो आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला वेळ होता. पुन्हा येईन, नीट बोलेन, असं मनाशी म्हणालो. पुन्हा गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजाऱ्यानं सांगितलं की चाचांना जाऊन महिना झाला.

ग्रुपवरचा तो फोटो आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कॅसेट घेऊन शहाद्याला गेलो. तिथे लग्नाच्या जुन्या कॅसेटी उतरवून देणारा एक स्टुडिओवाला आहे. कापसात राहिल्यामुळे फीत कोरडी ठणठणीत होती. मुली नाचत होत्या. ढोलाच्या मागे मी उभा होतो, केस काळे, टाळ्या वाजवत. मग ती पाटी आली आणि येऊन राहिली. बराच वेळ. मग एक झटका, आणि पुढे काही नाही. तिथेच व्हीसीआर उचलला होता.

स्टुडिओवाला म्हणाला, "काका, शेवटचं कापून टाकतो. नुसती पाटीच आहे, काही नाही त्यात."

"नको," मी म्हणालो. "राहू दे. माफी कापायची नाही."

हे सगळं मी आज ग्रुपवर टाकणार आहे, फितीसकट. त्या मुली आता आया झाल्या असतील, त्यांनी स्वतःला बघावं. ज्याला हसायचं त्यानं माझ्यावर हसावं. माझ्याविषयी काय लिहायचं ते लिहा, मी ग्रुप सोडणार नाही. पण त्या फोटोखालचे शब्द काढा. आजच्या आज काढा.

चाचांना मात्र हे वाचता येणार नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या ओट्यावर मी जे वाक्य घेऊन गेलो होतो ते छोटंसंच होतं. शाळेतल्या मराठीत नव्हतं, आमच्या घरच्या बोलीत होतं. आगगाडीत सारा रस्ता मनात म्हणत गेलो होतो आणि चहाच्या घोटाबरोबर गिळून परत आलो.

चाचा, माले माफ करा. ती तार मन्ही व्हती.